सायडर म्हणजे व्हिनेगर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले, मंडईत सफरचंदाच्या पेट्या उतरू लागल्या, की पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून एक अमेरिकी पाककृती हटकून फिरू लागते. ‘ॲपल सायडर डोनट’ तिचे नाव. डोनट म्हणजे कड्याच्या आकाराचा, तळलेला गोड पदार्थ. पदार्थ चांगला आहे. अनारसे, शंकरपाळे, बालुशाही करणाऱ्या हाताला तो अवघडही नाही. पण इंग्रजीतून मराठीत येताना या कृतीत तीन चुका शिरल्या आहेत आणि एकाचे पाहून दुसरा छापतो म्हणून त्या तशाच पुढे सरकतात. एका चुकीने चव जाते, दुसरीने पीठ बिघडते आणि तिसरीने स्वयंपाकघरात आग लागू शकते. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे, पण अर्धवट कृती हेच इथले मूळ दुखणे असल्याने आटोपशीर लिहून भागणार नव्हते.

पहिली चूक सायडर या शब्दाची. आपल्याकडे दुकानात जाऊन ‘ॲपल सायडर द्या’ म्हटले की समोर येते ती व्हिनेगरची बाटली, वजन उतरावे म्हणून सकाळी कोमट पाण्यातून घेतात ती. इंग्लंडात सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. आणि ही कृती जिथली आहे त्या अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदे ठेचून, दाबून काढलेला ताजा, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस. त्यात दारूचा अंश नसतो. असला तर तिकडे त्याला मुद्दाम ‘हार्ड सायडर’ म्हणतात. तेव्हा कृतीतल्या ‘दोन कप ॲपल सायडर’चे मराठी साधे आहे : सफरचंदाचा ताजा रस, सुमारे अर्धा लिटर.

त्याऐवजी व्हिनेगर घातले तर काय होते? कृतीत रस आटवायला सांगितलेला असतो. व्हिनेगर आटवायला ठेवले की डोळ्यांना आणि घशाला झोंबणारी वाफ घरभर पसरते. कोणी न आटवता शंभर मिलिलिटर व्हिनेगर तसेच पिठात ओतले, तर त्यात चार-पाच ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे अडीच-तीन ग्रॅम खायचा सोडा त्यातले जेमतेम दोन ग्रॅम आम्ल मारू शकतो. उरलेले आम्ल पिठात तसेच राहते, डोनट लोणच्याच्या खारासारखा आंबट लागतो आणि सोडा परातीतच फसफसून संपल्यामुळे कढईत फुगायला काही शिल्लक उरत नाही. मग खापर अमेरिकी पदार्थावर फुटते.

दुसरी चूक मापांची. अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा. आपली आमटीची वाटी साधारण दीडशेची, आणि तीही घराघरात वेगळी. साडेतीन कप मैद्याच्या जागी ‘साडेतीन वाट्या’ छापून ताकाचा मात्र कप ठेवला, की पिठाचे सरबत होते. ताकाचाही घोळ आहेच. तिकडचे ‘बटरमिल्क’ हे विरजण लावून केलेले, दह्यासारखे दाट असते. आपल्या ताकात निम्म्याहून अधिक वरून घातलेले पाणी. म्हणून खाली सगळे वजनात दिले आहे. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल काटा या पदार्थाला डोनट कापायच्या कटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिसरी चूक सर्वांत धोक्याची. मूळ कृतीत तेल ‘३७५ अंश’ तापवा असे असते. ते अंश फॅरनहाइटचे आहेत. सेल्सिअसमध्ये ते १९० होतात. मराठीत नुसतेच ‘३७५ अंश’ छापले आणि एखाद्याने आपला सेल्सिअसचा थर्मामीटर कढईत धरून त्या आकड्याची वाट पाहिली, तर रिफाइंड तेल २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागेल आणि पुढे कढई पेट घेईल. तेल पेटलेच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर सपाट झाकण किंवा परात सरकवावी आणि कढई जागची हलवू नये. पाककृतीतला एक राहून गेलेला शब्द इतका महाग पडू शकतो.

आता पदार्थाविषयी. डोनट दोन जातींचे असतात. बेकरीत काचेमागे दिसतात ते यीस्टचे, पावासारखे, हलके आणि लवचिक. सायडर डोनट त्या जातीचा नव्हे. तो बेकिंग पावडर-सोड्यावर फुगणारा, केकच्या अंगाचा, बाहेरून किंचित कुरकुरीत आणि आतून ओलसर, वर दालचिनी-साखर घोळलेला. अमेरिकेच्या ईशान्येचा न्यू इंग्लंड हा प्रदेश, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग आणि मिशिगन इथल्या सफरचंदांच्या बागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असते. रस काढण्याची गिरणी बागेतच असते आणि तिच्या शेजारी डोनटची कढई. झाडावरून हाताने फळे तोडायला आलेली माणसे हातात गरम डोनट आणि गार रसाचा पेला घेऊन फिरतात. हे चित्र फार जुने असावे असे वाटते, पण या डोनटला बाजारात आणण्यात एका कंपनीचा मोठा हात आहे. रशियातून अमेरिकेत आलेल्या ॲडॉल्फ लेविट यांनी १९२० मध्ये आपोआप डोनट पाडणारे, तळणारे यंत्र बनवले. पुढे त्यांच्या डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने १९५१ च्या हंगामात ‘स्वीट सायडर डोनट’ नावाने हा प्रकार बाजारात आणला. म्हणजे यंत्र आणि जाहिरात दोन्हींच्या जोरावर रुळलेला पदार्थ. त्याने चवीला उणेपणा येत नाही.

हंगामाविषयीही एक गोष्ट. तिकडच्या ‘फॉल’चे, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या ऋतूचे, भाषांतर ‘पानगळ’ असे करून ही कृती माघ-फाल्गुनात छापलेलीही दिसते, कारण आपल्याकडे पानगळ शिशिरात. सोलापुरात कडुलिंबाची पाने झडतात तेव्हा बाजारातले सफरचंद शीतगृहातून आलेले असते : पिठूळ, रसाला कमी. या डोनटचा खरा काळ आपला शरद, अश्विन-कार्तिक. हिमाचलची फळे तेव्हा संपत आलेली असतात आणि काश्मीरची जोरात असतात.

सफरचंद कोणते घ्यावे, यावर निम्मी चव अवलंबून आहे. मंडईत सर्वांत देखणे दिसते ते डेलिशस, लाल, टोकाला पाच उंचवटे असलेले. ते खायला गोड, पण त्याला आंबटपणा फार कमी. नुसत्या डेलिशसचा रस आटवला की गूळपाण्यासारखी सपाट गोडी उरते. या डोनटची जान आंबटपणात आहे. काश्मीरचे ‘महाराजी’ हंगामाच्या शेवटी येते, हिरवट-लाल आणि करकरीत आंबट. ते मिळाले तर दोन भाग डेलिशस आणि एक भाग महाराजी हा मेळ उत्तम. नाही मिळाले तर परदेशी हिरवे ग्रॅनी स्मिथ एक-दोन घालावे. तेही नको असेल तर अर्ध्या लिटर रसाला दोन चहाचे चमचे लिंबाचा रस. आपल्या जिल्ह्याचे डाळिंब यात चालेल का, असे इथे साहजिकच विचारले जाईल. भगवा जातीच्या डाळिंबाचा रस गोड आणि तुरट, आटवला की तुरटपणा वर येतो. चालत नाही.

फळ पहिल्या प्रतीचे घेण्याची गरज नाही. डाग पडलेले, वाकडे, बारीक फळ मार्केट यार्डात स्वस्त मिळते आणि रसाला तेवढेच चांगले. पण डाग वेगळा आणि सड वेगळी. बुरशी धरलेल्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचे विष तयार होते, ते उकळून नाहीसे होत नाही आणि सडका भाग कापून टाकला तरी आजूबाजूच्या गरात उतरलेले असू शकते. सडके फळ सरळ बाजूला काढावे.

एक किलो फळाचा मिक्सरवर साधारण अर्धा लिटर रस निघतो. फळे धुऊन, देठ आणि बिया काढून, साल ठेवून, फोडी कराव्या. मिक्सरमध्ये पाव वाटी पाण्याबरोबर फिरवून मलमलीच्या फडक्यात पिळाव्या. फडके पातळच हवे. सोलापुरी टॉवेलचा लौकिक मोठा खरा, पण त्याचे उभे धागे पाव लिटर रस स्वतःच पिऊन टाकतात. रस पाच मिनिटांत तपकिरी होतो. होऊ द्यावा. तो हवेशी लागून बदललेला रंग आहे, अमेरिकी सायडरही तसाच दिसतो. बाजारातला खोक्यातला रस वापरायचा तर ‘शंभर टक्के रस, साखर घातलेली नाही’ असे वाचून घ्यावा. सफरचंदाच्या चवीचे फसफसणारे पेय आटवले तर फक्त साखरेचा पाक मिळतो.

आता आटवणे. सगळ्या कृतीत घाई होते ती इथेच. पसरट स्टीलचे पातेले घ्यावे. लोखंडी कढई नको, रसातले आम्ल आणि टॅनिन (तुरटपणा आणणारे द्रव्य) लोखंडाशी लागून रस काळवंडतो आणि धातूची चव येते. कल्हई नसलेले पितळ तर नकोच. रिकाम्या पातेल्याचे वजन लिहून ठेवावे. त्यात ५०० मिलिलिटर रस ओतून मध्यम आचेवर ठेवावा, वर येणारा फेस काढावा. पहिली पंधरा मिनिटे काही विशेष घडत नाही. मग बुडबुडे बदलतात : आधी बारीक आणि चपळ असतात, ते मोठे आणि आळशी होतात, एकमेकांना चिकटून फुटतात. इथून पुढे पातेल्यापाशी उभे राहायचे. पातेले काट्यावर ठेवून पाहावे. रसाचे वजन १२० ग्रॅमच्या आसपास आले, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर उरले, की गॅस बंद. पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. रस मूळच्या एक पंचमांश झालेला असतो, चमच्याला पातळ मधासारखा लागतो. आणखी आटला तर काळजी नाही, पाणी घालून पुन्हा १२० ग्रॅम करावा. पण कडेला करपू लागला तर कडवटपणा काढता येत नाही, नवा करावा. अर्धवट आटवलेला रस घातला तर पीठ पातळ होते, मग हात सैल सोडून मैदा घातला जातो आणि डोनट कोरडा पडतो. ‘सफरचंदाची चवच आली नाही’ या तक्रारीचेही मूळ बहुधा इथेच असते. खरे सांगायचे तर नीट आटवूनही ही चव सफरचंदाच्या शिऱ्यासारखी समोर येत नाही. ती मागून येते, आंबटगोड आणि किंचित कॅरमेलसारखी.

सोळा-सतरा डोनटना लागणारे साहित्य असे. मैदा ४४० ग्रॅम, बारीक साखर १५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी ५५ ग्रॅम, अंडी दोन, घुसळलेले घट्ट दही ८० ग्रॅम अधिक २० मिलिलिटर पाणी, आटवलेला रस सगळा. बेकिंग पावडर सपाट दोन चहाचे चमचे, खायचा सोडा सपाट अर्धा, मीठ अर्धा, दालचिनीपूड एक, ताजे किसलेले जायफळ पाव. चमचा पाच मिलिलिटरचा. लोणी खारे असेल तर मीठ वगळावे. बेकिंग पावडर आणि खायचा सोडा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सोडा हा नुसता अल्क (अल्कली) आहे, त्याला रस आणि दह्याचे आम्ल लागते. पावडरमध्ये आम्ल बरोबरच असते आणि उष्णता लागल्यावर ती पुन्हा काम करते. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, डोनट बाहेरून काळपट होतो आणि तेल ओढतो. दोन्ही पांढरे, दोन्ही मैद्यात गुठळ्या करतात, म्हणून मैद्याबरोबर दोनदा चाळावे.

दालचिनीबद्दल एवढेच, की सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारात काय किंवा कुठेही, ‘दालचिनी’ म्हणून मिळते ती जाड सालीची, बहुतेक वेळा कॅसिया असते. या डोनटला तीच चांगली. सिलोनची नाजूक, पापुद्र्यांची दालचिनी महाग असते आणि साखरेत तिचा ठसका हरवतो.

लोणी-साखर फेसावी, एकेक अंडे घालावे, मग गार झालेला रस आणि दही. या टप्प्यावर मिश्रण फाटल्यासारखे दिसते. तसे दिसणारच, कारण लोणी आणि रस-दह्यातले पाणी सहज एकजीव होत नाही. चाळलेला मैदा घातला की ते मिळून येते. आता महत्त्वाचे : मळायचे नाही. पोळीच्या कणकेसारखे तिंबले तर मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि डोनट चिवट होतो. उलथण्याने किंवा हाताने पंधरा-वीस वेळा खालीवर करून कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावे. पीठ हाताला चिकटते. चिकटू द्यावे. ‘जरा मैदा टाकू’ हा मोह इथे आवरला तर पुढचे सगळे सोपे जाते.

भरपूर मैदा भुरभुरलेल्या बटर पेपरवर पीठ ओतून हातानेच थापावे, जाडी सव्वा सेंटिमीटर. कडेला दोन पेन्सिली एकावर एक ठेवून जाडी पाहता येते. मग ताटासकट फ्रीजमध्ये एक तास. ऑक्टोबरच्या उन्हात सोलापूरचा पारा दुपारी तिशीच्या वर असतो आणि त्या तापमानाला लोणी पाघळू लागते. गार न करता कापायला गेले तर गोलाचा लांबोडा होतो. थंडी फक्त लोण्यासाठी नाही. या तासाभरात मैदा पाणी शोषून घेतो आणि मघाचे चिकट पीठ आपोआप आटोक्यात येते. कापायला साडेसात सेंटिमीटरचे कटर आणि मधल्या भोकाला अडीच सेंटिमीटरचे टोपण. तेवढ्या तोंडाची स्टीलची वाटी चालते, धार पातळ हवी. प्रत्येक वेळी मैद्यात बुडवावी. मधले गोळे फेकू नयेत, त्यांचे काम पुढे आहे. कापलेल्या उरलेल्या पिठाला एकदाच पुन्हा थापावे. तिसऱ्यांदा थापलेले डोनट कढईत वेडेवाकडे होतात आणि कडक लागतात. कापल्यावर पुन्हा वीस मिनिटे फ्रीज, आणि तळण्याआधी मऊ ब्रशने वरचा कोरडा मैदा झटकावा. तो तेलात गळून करपतो आणि चौथ्या घाण्यापर्यंत तेल काळे करतो.

तेल दीड लिटर, कढईत किमान सहा सेंटिमीटर खोल. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल. घाण्याचे करडीचे तेल आपल्याकडे आवडीने खातात, पण ते लवकर धुरते आणि त्याचा वास दालचिनीवर मात करतो. तिकडे पूर्वी चरबीत किंवा घट्ट होणाऱ्या वनस्पती तुपात तळत, कारण ते गार झाल्यावर गोठते आणि डोनट हाताला तेलकट लागत नाही. आपल्याकडे वनस्पती वापरायचेच तर आत्ताचे घ्यावे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला अपायकारक स्निग्धांशावर) दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

तेलाचे तापमान १८५ अंश सेल्सिअस. मूळ कृतीपेक्षा थोडे कमी धरले आहे, कारण सफरचंदाच्या साखरेत फ्रुक्टोज जास्त असते आणि ते साध्या साखरेच्या आधी तांबूस होते. १९० च्या पुढे बाहेरचा रंग लवकर येतो आणि आत कच्चे राहते. थर्मामीटर खरा बोलतो का, हे उकळत्या पाण्यात पाहावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर असल्याने इथे पाणी ९८ ते ९९ अंशांना उकळते. तिथे शंभर दाखवला तर तो एक-दीड अंश पुढे आहे. थर्मामीटर नसेल तर ते मधले गोळे कामी येतात. एक सोडावा. तळाशी टेकून तीन-चार सेकंदांत वर आला आणि भोवती सतत बुडबुडे राहिले तर तेल तयार. वर यायलाच तयार नसेल तर तेल थंड. टाकताच वर तरंगून पंधरा सेकंदांत लाल झाला तर गॅस कमी करून थांबावे.

एका घाण्याला तीनच डोनट. थंड पिठामुळे तेल दहा-पंधरा अंश उतरते. ते १७० च्या खाली गेले की डोनट तेल प्यायला लागतो, कारण आतल्या पाण्याची वाफ पुरेशा जोराने बाहेर येत नाही आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. म्हणून डोनट सोडताच गॅस मोठा आणि वर आल्यावर पुन्हा मध्यम. पहिली बाजू दीड मिनिट, उलटून दुसरी एक मिनिट. एकदाच उलटावे. वरच्या बाजूला मधल्या भोकाभोवती भेगा पडतात. हा दोष नाही, केकच्या जातीच्या डोनटची ती खूण आहे, आणि साखर त्या भेगांतच जास्त बसते. पहिल्या घाण्यातला एक डोनट मोडून पाहावा. मधोमध ओलसर पट्टा दिसला तर तापमान पाच अंश कमी आणि वेळ वीस सेकंद जास्त.

कधी डोनट तेलात पसरतो, कडा विरघळून जाळी पडते. अनारसा हसतो, तसेच हे. कारणेही जवळपास तीच. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, इथे साखर किंवा सोडा जास्त, रस कमी आटलेला, नाहीतर पीठ गार झालेले नाही. पहिला हसला तर बाकीचे फ्रीजमध्ये परत ठेवून अर्ध्या तासाने पाहावे. तरीही हसले तर उरलेल्या पिठात तीस ग्रॅम मैदा हलक्या हाताने मिसळावा. उलट भेगा फार खोल, डोनट दगडासारखा, तर मैदा जास्त झाला किंवा पीठ मळले गेले. त्याला इलाज नाही. तो चहात बुडवून खावा.

साखर घोळवण्याचे गणित मिनिटांचे आहे. जिल्ह्यात साखर कारखाने कितीही असले तरी दुकानातली साखर या कामाला जाड पडते, मोठे दाणे डोनटवर थांबत नाहीत. १५० ग्रॅम साखर मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक रव्याएवढी करावी, दोन चमचे दालचिनी आणि चिमूटभर मीठ मिसळावे. पिठीसाखर मात्र नको, ती गरम डोनटवर घाम फुटल्यासारखी ओली होते. डोनट झाऱ्यातून जाळीवर काढावा. कागदावर ठेवला तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने नरम पडते. एक ते दोन मिनिटांनी, हाताला सोसेल इतपत झाला की घोळवावा. लगेच घोळवला तर साखर वितळते, पाच मिनिटांनी घोळवला तर चिकटत नाही.

बिनअंड्याचे करणाऱ्यांसाठी : दोन अंड्यांऐवजी १०० ग्रॅम चक्का आणि दोन मोठे चमचे दूध पावडर. अंड्याने पीठ बांधले जाते, तो आधार इथे नसतो. म्हणून फ्रीजमध्ये दोन तास, आणि आकार थोडा लहान. चव छान येते, पण डोनट नाजूक असतो, झाऱ्याने हळू उलटावा.

थापण्या-कापण्याचा कंटाळा असेल तर आणखी एक युक्ती आहे, आणि सोलापुरात तिचे साधन कित्येक घरांत आहे : मेदूवड्याचा दांड्याचा साचा. अमेरिकी गिरण्यांतली यंत्रेही तेच करतात, सैल पीठ कड्याच्या आकारात थेट तेलात पाडतात. त्यासाठी वरच्या पिठात ४० ते ५० मिलिलिटर पाणी घातलेले दही वाढवावे, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, उलथण्यावरून जड ओघळेल असे. फ्रीजमध्ये वीस मिनिटे पुरेत. साचा तेलाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरावा. उंचावरून पाडला तर कडे तुटते आणि तेलही उडते. साचा दर घाण्याला पुसावा, वाफेने आत पीठ शिजून चिकटते. या पद्धतीचे डोनट जास्त हलके होतात, थापलेल्यांना कुरकुरीतपणा अधिक. ओव्हनमध्ये साच्यात भाजलेल्यांना लोक डोनट म्हणतात, म्हणोत. तो कड्याच्या आकाराचा केक आहे.

खायची वेळ म्हणजे तळल्यापासून दोन-तीन तास. कोजागरीच्या मसाला दुधाबरोबर जमून येतात, कारण जायफळ दोन्हीकडे आहे. दिवाळीच्या फराळाच्या डब्यात मात्र भरू नयेत. शंकरपाळ्यात पाणी जवळजवळ उरत नाही म्हणून तो पंधरा दिवस टिकतो. डोनट ओलसर असतो, दुसऱ्या दिवशी त्याची साखर पाझरते आणि चौथ्या दिवशी बुरशी धरू शकते. आधीची तयारी करायची तर आटवलेला रस करून ठेवावा. काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रीजमध्ये, तो दोन आठवडे नीट राहतो. किंवा कापलेले कच्चे डोनट ताटात वेगवेगळे गोठवून पिशवीत भरावे आणि तळण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे, गोठलेले थेट तेलात सोडू नयेत. उरलेले तळलेले डोनट दीडशे अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवून पुन्हा साखरेत घोळवले की सकाळच्या चहाला चालतात.

आपल्या पुरवणीत ही कृती यंदा छापली जाणार असेल तर तीन जागा तेवढ्या तपासून घ्याव्यात, ही विनंती : ‘सायडर’च्या जागी सफरचंदाचा ताजा रस, कपांच्या जागी ग्रॅम, आणि तेलाच्या आकड्यापुढे सेल्सिअस.

आपले,
घरगुती बेकरीचे वर्ग घेणारे काही वाचक, सोलापूर